ओंडके आणि फळ्या : भारत आणि चीन यांची कठीण लाकडाची आयात

१ एप्रिल १९३७ या दिवशी ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून अलग झाला. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत रंगूनहून सागाचे ओंडके भरून निघालेले जहाज मुंबईच्या धक्क्याला लागले, की तो देशातल्या देशात चाललेला किनाऱ्याचा व्यापार समजला जाई. दुसऱ्या दिवसापासून तेच जहाज, तेच ओंडके आणि तोच व्यापारी परदेशी आयातीच्या सदरात जाऊन बसले. अरण्यात काही घडले नव्हते, बाजारात काही घडले नव्हते. बदलले होते ते केवळ कारकुनाच्या वहीतले पान. पुढे कोणी भारताच्या लाकूड-आयातीचा आलेख काढावयास बसला, तर त्याला १९३७ साली एकाएकी एक सुळका उभा राहिलेला दिसेल आणि त्याचे कारण शोधीत तो घरबांधणी, रेल्वे, युद्धाची तयारी असा भलतीकडेच भटकत राहील.

हा दाखला आरंभीच देण्याचे कारण असे, की दोन देशांच्या आयातीच्या रकमा शेजारी शेजारी मांडणे हे काम दिसते त्याहून बरेच कठीण आहे. तो आकडा खोटा नसतो. पण तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे पाहिल्यावाचून त्याच्यावर विसंबता येत नाही. आज आपण जे दोन देश घेणार आहोत, ते भारत आणि चीन. दोघांची लोकसंख्या प्रचंड, दोघांचीही अरण्ये गेल्या दीडशे वर्षांत मोठ्या प्रमाणावर तुटलेली, आणि दोघांनीही विसाव्या शतकाच्या अखेरच्या पंधरा वर्षांत आपापल्या कुऱ्हाडी आवरून परक्या अरण्याकडे दृष्टी वळविलेली. साम्य इतके असूनही दोघांच्या जमाखर्चाची वळणे मात्र अगदी निराळी आहेत.

प्रथम शब्दाचा उलगडा करावयास हवा. ‘कठीण लाकूड’ हा व्यापारातला शब्द वनस्पतिशास्त्रातल्या भेदावरून आला आहे, हाताला लागणाऱ्या कठीणपणावरून नव्हे. रुंद पानांच्या झाडांचे ते कठीण लाकूड आणि देवदार, चीड यांसारख्या सूचिपर्णी झाडांचे ते मऊ लाकूड, अशी ही वाटणी आहे. त्यामुळे साग, शिसव, ऐन, बिबळा हे तर कठीण लाकडात येतातच. पण नखाने ओरखडा उठावा असे बाल्साचे लाकूडही याच वर्गात मोडते. आपल्या सुताराला हा भेद सांगितला, तर तो हसेल. पण जकातीच्या वहीत तोच चालतो. १९८८ सालच्या जानेवारीपासून अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय सूचीत लाकडाला ४४ वा अध्याय मिळाला आहे. त्यात ४४०३ या आकड्याखाली ओंडके येतात आणि ४४०७ या आकड्याखाली सहा मिलिमीटरांहून जाड चिरलेल्या फळ्या. या दोन आकड्यांमध्ये एक करवत आहे, आणि भारत व चीन यांच्यामधला सगळा फरक जवळजवळ त्या करवतीच्या दात्यांवर उभा आहे, असे मला वाटते.

भारत हा मुळात लाकूड आणविणारा देश नव्हताच. अठराव्या शतकात सुरतेहून मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत सागाची जहाजे बांधली, ती इंग्लंडच्या आरमाराने घेतली. इंग्लंडला ओक अपुरा पडत होता आणि मलबारचा साग खाऱ्या पाण्यात टिकण्यात ओकाहून सरस ठरला होता. १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरविलेले ‘त्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल येथे तरंगते आहे. मलबारचा साग या मागणीपुढे टिकेना, तेव्हा तेथील कलेक्टर कोनोली यांनी १८४० नंतरच्या दशकात निलंबूर येथे सागाची लागवड करविली. तिचा काही भाग आजही उभा आहे. निलंबूरचे नाव ध्यानात असू द्यावे; ते पुन्हा एकदा येणार आहे.

मलबारनंतर पाळी आली ब्रह्मदेशाची. १८५२ च्या युद्धात पेगू प्रांत इंग्रजांकडे आला आणि १८६३ साली मुंबईत ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ ही कंपनी स्थापन झाली. उत्तर ब्रह्मदेशातील निंग्यान भागाच्या जंगलांचा मक्ता या कंपनीने राजाकडून घेतला होता. कंपनीने जेवढ्या ओंडक्यांचे पैसे भरले त्याहून कितीतरी अधिक ओंडके नदीतून सोडले, असा आरोप ठेवून १८८५ साली मंडालेच्या दरबाराने तिला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड केला. दंड रास्त होता की नव्हता, याचा वाद इतिहासकार अजून घालतात. पण त्या वादाचे निमित्त करून त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात इंग्रज फौजा मंडालेत शिरल्या, आणि १ जानेवारी १८८६ रोजी उत्तर ब्रह्मदेश खालसा झाला. त्या सागापायी राज्य गमावलेला थिबा राजा आपल्या रत्नागिरीस आणला गेला आणि १९१६ साली तेथेच वारला. रत्नागिरीकरांना तो राजवाडा ठाऊक असतो. पण त्याचे मूळ ओंडक्यांच्या मोजणीच्या तंट्यात आहे, हे सहसा कोणी सांगत नाही.

मोजणीचा विषय निघालाच आहे, तर एक बारीकशी गोष्ट सांगून टाकतो. ओंडका गोल असतो. पण वखारीत तो चौरस समजून मोजण्याची रीत फार जुनी. झाडाच्या घेराचा चौथा हिस्सा घ्यावा, त्याचा वर्ग करावा आणि त्याला लांबीने गुणावे. अठराव्या शतकातल्या हॉपस नावाच्या इंग्रजाच्या कोष्टकांवरून ही रीत त्याच्याच नावाने ओळखली जाते. तिच्यात ओंडक्यातल्या खऱ्या शंभर घनफुटांची साडेअठ्ठ्याहत्तर घनफुटेच भरतात. उरलेले चिरताना वाया जाणार, असे गृहीत धरलेले. ब्रह्मदेशचा साग याच मापाच्या टनाने विकला जाई. चिरलेली फळी मात्र खऱ्या घनमापाने मोजली जाते. तेव्हा ‘दर घनमीटरला अमुक डॉलर’ असा भाव काढून ओंडक्याची आणि फळीची तुलना करणाऱ्याने आधी माप कोणते, हे विचारावे. थिबाच्या दरबाराचा प्रश्न याहून फारसा वेगळा नव्हता.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांविषयी थोडक्यात सांगता येईल. परकीय चलनाची टंचाई, परवान्यांची पद्धत आणि देशातल्या अरण्यांतून बऱ्यापैकी मिळणारे लाकूड यांमुळे आयात बेताचीच राहिली. चंद्रपूर, आलापल्ली या भागांतला साग बल्लारशाहच्या आगारातून ‘सीपी टीक’ या नावाने देशभर जाई, आणि अजूनही जातो. या काळाच्या आकड्यांत एक खड्डा मात्र आहे. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. रुपयांत मांडलेली आयात एका रात्रीत फुगली, डॉलरांत मांडलेली जागच्या जागीच राहिली. १९९१ च्या जुलैत हाच प्रकार पुन्हा घडला. चीनमध्ये १ जानेवारी १९९४ रोजी दोन वेगवेगळे विनिमयदर एक करण्यात आले आणि तेथेही चलनाचा अधिकृत भाव सुमारे ५.८ वरून ८.७ वर गेला. म्हणून या दोन देशांची तुलना स्वदेशी चलनांत करण्यात अर्थ नाही. शिवाय भारताचे वर्ष एप्रिलला सुरू होते, चीनचे जानेवारीला. एखाद्या वर्षी बंदीची आवई उठून फेब्रुवारी-मार्चात माल भरभरून आला, तर तो चीनच्या खात्यात एका वर्षात पडतो आणि आपल्या खात्यात दुसऱ्या.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. १९८० साली भारताने वनसंवर्धनाचा कायदा केला. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने अरण्य हे महसुलाचे साधन मानू नये, असे स्पष्ट सांगितले आणि उद्योगांनी आपला कच्चा माल अरण्याबाहेर पिकवावा, अशी अपेक्षा व्यक्त केली. त्याच दशकात लाकडाच्या आयातीवरची बंधनेही सैल होऊ लागली. १९९३ साली केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने सरकारी इमारतींत लाकूड वापरणे थांबविले. ती बंदी २०२० साली उठली. या मधल्या सत्तावीस वर्षांत बांधलेल्या कचेऱ्यांत ज्यांनी नोकरी केली आहे, त्यांना ॲल्युमिनियमच्या खिडक्या आणि पत्र्याच्या कपाटांचे आवाज निराळे सांगावयास नकोत. मग १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक आदेश दिला आणि मंजूर कार्ययोजनेवाचून देशात कोठेही अरण्यातले झाड तोडता येणार नाही, असे ठरविले. ईशान्येकडील राज्यांतून लाकूड बाहेर नेण्यावरही त्याने निर्बंध घातला. ज्यांच्या अर्जावर हा आदेश झाला, ते गोदावर्मन तिरुमुलपाद हे निलंबूरच्या राजघराण्यातले होते. इंग्रजांनी सागाची लागवड केली ते निलंबूर, आणि दीडशे वर्षांनी देशातल्या जंगलतोडीला न्यायालयातून अडसर घालणारे गृहस्थही निलंबूरचेच.

चीनमध्ये हेच काम पुराने केले. १९९८ च्या उन्हाळ्यात यांगत्से नदीला महापूर आला. हजारो माणसे दगावली आणि लक्षावधी बेघर झाली. नदीच्या वरच्या खोऱ्यातले डोंगर उघडे पडल्यामुळे पाणी थांबले नाही, असे सरकारने मानले, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सिचुआन प्रांतात नैसर्गिक अरण्यातली तोड बंद झाली. पुढे ही बंदी टप्प्याटप्प्याने वाढत गेली. २०१४ साली ईशान्येकडच्या हैलुंगच्यांग प्रांतातली व्यापारी तोड थांबली आणि दोन-तीन वर्षांत साऱ्या देशातली नैसर्गिक अरण्ये व्यापारी तोडीस बंद झाली. थायलंडची कथाही याच वळणाची आहे. १९८८ च्या नोव्हेंबरात तेथे दक्षिणेत पूर आला आणि १९८९ च्या जानेवारीत तोडबंदी झाली. अरण्याचे महत्त्व शासनांना पुराच्या पाण्यात जितके स्पष्ट दिसते तितके अहवालांत दिसत नाही, असे म्हणावे लागते.

तोड थांबली, पण गरज थांबली नाही. चीनने १९९९ पासून ओंडके आणि फळ्या या दोहोंवरची आयात-जकात शून्यावर आणली. परिणाम आकड्यांतच पाहावा. १९९७ साली चीनने सर्व प्रकारचे मिळून सुमारे ४५ लाख घनमीटर ओंडके आणविले होते. २००७ साली ते ३ कोटी ७० लाखांवर गेले. दहा वर्षांत आठपट. २०१७ साली ओंडक्यांची आयात साडेपाच कोटी घनमीटरांच्या घरात आणि चिरलेल्या लाकडाची ३ कोटी ७४ लाखांच्या आसपास होती, आणि या दोन्ही सदरांची किंमत प्रत्येकी सुमारे एक हजार कोटी डॉलर होती. हे आकडे मऊ आणि कठीण लाकूड एकत्र धरून आहेत. त्यातला मोठा भाग रशिया, कॅनडा, न्यूझीलंड येथल्या मऊ लाकडाचा, हे विसरता कामा नये. पण संख्येकडून किमतीकडे आले, की कठीण लाकडाचा हिस्सा लगेच वाढतो, कारण त्याचा घनमीटर महाग असतो.

या जमाखर्चातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट अशी : साडेपाच कोटी घनमीटर ओंडके आणि पावणेचार कोटी घनमीटर फळ्या यांची किंमत जवळजवळ सारखी. फळी म्हणजे ज्यातून साल, गाठी आणि भुसा वगळला आहे असा ओंडका. शिवाय तिच्यात कोणाची तरी मजुरी मुरलेली असते. जो देश ओंडके विकतो, तो ही मजुरी दुसऱ्याला देऊन टाकतो. म्हणूनच इंडोनेशियाने १९८५ साली ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घातली, मलेशियातल्या साबा राज्याने १९९३ साली, आफ्रिकेतल्या गॅबनने २०१० साली आणि ब्रह्मदेशाने, म्हणजे आजच्या म्यानमारने, १ एप्रिल २०१४ पासून. ‘आमचे झाड आमच्या करवतीने चिरून न्या,’ असे हे सारे देश सांगत होते.

ही हाक चीनने ऐकली आणि भारताने बरीचशी ऐकली नाही. चीनचा ओघ हळूहळू ओंडक्यांकडून फळ्यांकडे वळला. थायलंडात रबराची झाडे पंचवीस-तीस वर्षांनी दूध देईनाशी झाली की कापली जातात. त्यांच्या पांढुरक्या लाकडाच्या फळ्या थायलंडच्या गिरण्यांत चिरून जवळजवळ सगळ्या चीनला जातात. अमेरिकेचा तांबडा ओक, ॲश, चेरी ही लाकडेही फळ्यांच्याच रूपाने चिनी कारखान्यांत पोचली. २००५ च्या सुमारास चीन जगातला सर्वांत मोठा फर्निचर-निर्यातदार झाला होता, तो या फळ्यांच्या जोरावर. भारताचा कल मात्र ओंडक्यांवरच राहिला. आपल्याकडे चिरलेल्या लाकडावरची जकात ओंडक्यांवरच्या जकातीहून अधिक ठेवलेली होती, म्हणून आयात करणारा ओंडकाच आणवी. त्यातून कांडला बंदराच्या पाठीशी गांधीधामला लाकूड चिरणाऱ्या गिरण्यांची एक वसाहतच उभी राहिली. शिवाय आपल्या गिऱ्हाइकाची सवय पाहावी. मुंबईत रे रोडला किंवा लकडी बंदराच्या वखारींत जाऊन घरमालक सुताराला बरोबर घेऊन ओंडका ठोकून, वास घेऊन, रेषा पाहून निवडतो आणि आपल्या मापाने डोळ्यांदेखत चिरून घेतो. दुसऱ्या देशात चिरलेली तयार फळी त्याच्या विश्वासास पात्र ठरत नाही.

म्हणून केवळ ‘चिरलेले कठीण लाकूड’ या सदरातल्या रकमा पाहिल्या, तर चीन डोंगराएवढा आणि भारत वारुळाएवढा दिसतो. त्यावरून भारतात लाकडाची मागणीच नाही, असा निष्कर्ष काढणारे लेख मी वाचले आहेत. ओंडक्यांचे सदर शेजारी ठेवले की चित्र बदलते. आणि त्यातून साग वेगळा काढला, तर उलटेच होते. २००५ ते २०१४ या दहा वर्षांत जगातला सागाच्या ओंडक्यांचा व्यापार सरासरीने वर्षाला सुमारे ४८ कोटी ७० लाख डॉलरांचा होता, आणि त्यातला जवळजवळ तीन-चतुर्थांश एकट्या भारताने विकत घेतला. चीनचा वाटा त्यापुढे किरकोळ. अर्थात साग हे जगाच्या लाकूडबाजारातले एक लहानसे दालन आहे. पण त्या दालनात भाव भारताच्या मागणीने ठरतो, हे चीनच्या हजार कोटींच्या आकड्याखाली झाकून जाते.

दोन्ही देश कशासाठी खरेदी करतात, हाही भेद महत्त्वाचा आहे. भारताने आणविलेला साग भारतातच दाराची चौकट, देव्हारा, पलंग होऊन राहतो. चीनच्या आयातीतला मोठा भाग अमेरिका आणि युरोपातल्या घरांत पोचतो. म्हणजे चीनच्या आयातीचा आकडा चीनच्या हौसेचा मापक नाही. तो काही अंशी अमेरिकेच्या बैठकीच्या खोलीचा आहे. म्हणूनच अमेरिकेने २००८ साली आपला लेसी कायदा लाकडाला लागू केला आणि युरोपीय संघाने २०१३ पासून बेकायदा तोडलेल्या लाकडाला मज्जाव केला, तेव्हा त्याची झळ चिनी कारखान्यांना बसली. कोणत्या अरण्यातले लाकूड, हे त्यांना कागदाने दाखवावे लागले. भारतातल्या वखारवाल्याला असा प्रश्न विचारणारे कोणी नव्हते, कारण त्याचे गिऱ्हाईक शेजारच्या गल्लीत होते. चीनने स्वतः आपल्या वनकायद्यात बेकायदा लाकूड घेण्यास व चिरण्यास मनाई घातली, ती १ जुलै २०२० पासून अमलात आली. २०१८ च्या व्यापारयुद्धात चीनने अमेरिकी कठीण लाकडावर वाढीव जकात बसविली आणि ॲपलेशियन डोंगरांतल्या लाकूडगिरण्यांना आपली मिळकत दुसऱ्याच्या राजकारणावर किती अवलंबून आहे, ते कळून आले. २०२१ नंतर चीनमधला घरबांधणीचा धंदा खचला, तेव्हा आयातीचा आलेखही खाली वळला.

चीनच्या स्वतःच्या हौसेचेही एक लाकूड आहे. त्याला तेथे ‘हुंगमू’, म्हणजे तांबडे लाकूड, असे म्हणतात. मिंग आणि छिंग राजवटींच्या काळातले राजवाड्यांतले फर्निचर याचे असे. २००० साली सरकारने या नावाखाली कोणत्या जाती धरावयाच्या त्याचे मानक ठरविले, त्यात ३३ जाती होत्या. २०१७ साली त्या २९ झाल्या. आपल्या शिसवीचे भाईबंद त्यात आहेत आणि आंध्रातल्या शेषाचलम डोंगरांतले रक्तचंदनही आहे. पैसा हाती आलेल्या वर्गाने या लाकडात सोन्यासारखी गुंतवणूक सुरू केली. २०१३-१४ च्या सुमारास ही लाट शिगेला पोचली, आणि आफ्रिकेतल्या सेनेगलपासून नायजेरियापर्यंतच्या सवाना मुलखात या वर्गातली झाडे शोधशोधून तोडली गेली. रक्तचंदनाच्या चोरट्या निर्यातीचे मोल तर दोन्ही देशांच्या कोणत्याही वहीत नाही. भारत ते कायद्याने बाहेर जाऊ देत नव्हता, म्हणून येथे नोंद नाही. आणि तेथे ते दुसऱ्याच वाटेने, दुसऱ्याच नावाने पोचे.

येथे ब्रह्मदेशाकडे पुन्हा यावयास हवे, कारण दोन्ही देशांची गिऱ्हाइकी जेथे समोरासमोर आली, तो देश तोच. भारताने तेथून साग नेला आणि प्लायवूडच्या वरच्या थराला लागणारा गर्जन नेला, तो रंगूनहून समुद्रमार्गे. चीनने पदौक आणि तमलन ही हुंगमूत मोडणारी लाकडे नेली, ती काचीन डोंगरांतून, खडतर रस्त्यांनी, युनान प्रांतात. म्यानमारच्या कायद्याप्रमाणे लाकडाची निर्यात समुद्रानेच होऊ शकत होती. जमिनीवरून जाणारे प्रत्येक मालमोटारभर लाकूड चोरीचे. पण चीनच्या सीमेवरचा जकात-अधिकारी आलेल्या मालाची नोंद करीत असे. त्यामुळे एकाच लाकडाची एका देशाच्या वहीत कोट्यवधींची आयात, आणि दुसऱ्या देशाच्या वहीत कोरे पान! २०१५ च्या जानेवारीत म्यानमारच्या सैन्याने काचीन भागात दीडशेहून अधिक चिनी लाकूडतोड्यांना पकडले; त्यांतल्या १५३ जणांना जुलैत जन्मठेप झाली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस राष्ट्राध्यक्षांच्या माफीने ते घरी गेले. आकडेवारीच्या भाषेत या घटनेला ‘नोंदींतील तफावत’ म्हणतात. त्या तफावतीत काचीन खेड्यांचे पाणी आणि जंगल दोन्ही गेले.

निर्यात करणारा देश जहाजावर चढविताना जी किंमत असते ती लिहितो. आयात करणारा भाडे आणि विमा धरून लिहितो. म्हणून दोन वह्यांत थोडासा फरक असणे स्वाभाविकच आहे. दहा-पंधरा टक्क्यांचा फरक असला तर हिशेबनिसाने भुवई उंचावू नये. एका बाजूला शून्य असले, तर मात्र उंचवावी.

२०१४ ची बंदी जवळ येऊ लागली तशी भारतीय व्यापाऱ्यांनी रंगूनच्या धक्क्यावर झुंबड केली. बंदीनंतर काय झाले? भारताने साग सोडला नाही, गाव बदलले. घाना, आयव्हरी कोस्ट, बेनिन, टांझानिया, इक्वाडोर, कोस्टा रिका, पनामा, ब्राझील अशा देशांतून लागवडीचा साग येऊ लागला. ही रोपे मूळची आपल्याच भागांतल्या सागाची संतती. वसाहतींच्या काळात ती समुद्रापार नेली गेली होती. या लागवडीच्या सागाचे घेर लहान, रंग फिका आणि किंमत कमी. म्हणून आयातीचे घनमीटर वाढले तरी रक्कम त्या मानाने वाढली नाही. केवळ किमतीचा आलेख पाहणाऱ्याला वाटेल, की भारताची मागणी ओसरली. वस्तुस्थिती अशी, की शंभर वर्षांच्या झाडाच्या जागी वीस वर्षांचे झाड आले. आपले जुने सुतार हा फरक रंध्याच्या पहिल्या हातालाच ओळखतात. दरम्यान देशातला खरा जुना साग मानाच्या जागी जाऊ लागला आहे. दिल्लीच्या नव्या संसदभवनाला नागपूरकडचा साग लागला आणि अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ साली बल्लारशाहहून साग रवाना झाला. मुंबईतल्या चाळीच्या दुरुस्तीला मात्र घानाचा ओंडका येतो.

आणखी एक लाकूड दोन्ही देशांच्या तुलनेत अदृश्य राहते : शेताच्या बांधावरचे. हरियाणातल्या यमुनानगरच्या प्लायवूड गिरण्या शेतकऱ्यांनी लावलेल्या पॉपलर आणि निलगिरीवर चालतात. केरळातल्या पेरुंबावूरच्या गिरण्या रबराच्या लाकडावर. थायलंडचे जे रबर-लाकूड चीनच्या आयातीत कोटी-कोटी डॉलरांनी मोजले जाते, तेच लाकूड कोट्टयमच्या शेतकऱ्याने पन्नास कोसांवरच्या गिरणीला विकले, तर आयातीच्या वहीत त्याचे काहीच उमटत नाही. तेव्हा भारताचा आकडा लहान दिसतो तो काही अंशी करवतीच्या जागेमुळे, काही अंशी जकातीमुळे आणि काही अंशी या बांधावरच्या झाडांमुळे. या तिन्हींतले पहिले दोन धोरणाचे भाग आहेत. तिसऱ्याचे श्रेय शेतकऱ्याला द्यावयास हवे.

चीनच्या वाढत्या आकड्याकडे पाहून आपल्याकडे दोन तऱ्हेची मते मांडली जातात. कोणी म्हणते, चीनने जगाची अरण्ये खाल्ली; कोणी म्हणते, चीनने आपली अरण्ये वाचविली आणि आपणही तसेच करावे. दोन्ही मते एकाच वस्तूच्या दोन बाजू आहेत, आणि ती वस्तू चीनने शोधून काढलेली नाही. १९६० नंतरच्या दशकांत जपानने हेच केले होते. आपल्या डोंगरांवरची झाडे राखून त्याने आधी फिलिपाइन्सचा लावान नेला, मग बोर्निओतल्या इंडोनेशियाचा, आणि तेथे बंदी झाली तेव्हा साबा-सारावाकचा. फिलिपाइन्सची अरण्ये त्या व्यवहारात इतकी संपली, की पुढे त्या देशालाच लाकूड विकत आणण्याची पाळी आली. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतले इंग्लंड मलबारशी असेच वागले. भारताची १९९६ नंतरची आयात याहून आकाराने लहान आहे, जातीने निराळी नाही.

२०२२ च्या सुधारित आंतरराष्ट्रीय सूचीत सागाला प्रथमच स्वतःचे उपशीर्षक मिळाले : ओंडक्यांत वेगळे, फळ्यांत वेगळे. त्यापूर्वी बहुतेक देशांच्या वह्यांत तो ‘इतर उष्णकटिबंधीय’ या गर्दीत उभा असे आणि त्याचा हिशेब अंदाजाने करावा लागे. यापुढे रंगून, आक्रा किंवा ग्वायाकील येथून निघालेला सागाचा प्रत्येक ओंडका दोन्ही टोकांच्या वह्यांत एकाच आकड्याखाली सापडावयास हवा, आणि न सापडला तर तो वाटेत कोठे गेला, हे विचारता येईल.